उशेगावची मूस

हा घोडा वीतभरही उंच नाही. पाय काडीसारखे, मान लांब, आणि पाठीवरचा स्वार घोड्याच्या मानाने जरा मोठाच. डोळे म्हणजे चिकटवलेल्या दोन गोळ्या. पण त्याच्या पोटावरून नख फिरवलं की बारीक करकर ऐकू येते. अंग गुळगुळीत नाही. एकीला एक खेटून बसलेल्या रेषा पोटाभोवती गोल फिरत मानेपर्यंत चढल्या आहेत. मानेच्या वळणावर एक रेष तुटली आहे, आणि तिचं दुसरं टोक पहिल्यावर चढवून दाबलेलं स्पष्ट दिसतं. दाबणाऱ्या बोटाएवढा खोलगटपणा तिथे अजून आहे.

ती रेष म्हणजे एके काळी मेणाचा दोरा होता. मेण वितळून गेलं, त्याच्या जागी पोकळी राहिली, त्या पोकळीत पितळ शिरलं आणि बोटाच्या दाबासकट सगळं जसंच्या तसं उरलं. या कामाला देशभर ढोकरा म्हणतात. हे नाव बंगाल-ओडिशाकडच्या ढोकरा दामार या भटक्या ओतकाम करणाऱ्या समाजावरून पडलं. माझ्या टेबलावरचा घोडा मात्र आपल्या फार जवळचा आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या कडेने वाहणारी पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद लागतं. तिथल्या डोंगराळ पट्ट्यात जैनूर मंडलातलं उशेगाव हे या कामाचं नावाजलेलं गाव. ऑक्टोबर 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि जैनूर कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. कामाचं नाव मात्र आदिलाबादचंच राहिलं. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही ‘आदिलाबाद डोकरा’ याच नावाने.

हे काम करणाऱ्या समाजाला वोज किंवा ओझा म्हणतात. ओतारी असंही म्हणतात, आणि हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. ओततो तो ओतारी. तांबट तांबं ठोकतो, कासार भांडी विकतो, ओतारी ओततो. आपल्या भाषेने हे धंदे किती नेमके वेगळे ठेवलेत! हातोडीने पत्रा ठोकून भांडं घडवणं आणि वितळलेला धातू साच्यात ओतणं ही दोन अगदी वेगळी शास्त्रं आहेत. पहिल्यात चूक झाली तर पुन्हा ठोकता येतं. दुसऱ्यात एकदा मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, वाकडी केली की हातात काही उरत नाही.

ओतकामाची सुरुवात मातीपासून होते. शेतातली चिकण माती चाळून तिच्यात शेण आणि भाताचा कोंडा मळतात आणि त्या गोळ्यातून घोड्याचं ओबडधोबड अंग घडवतात. हा गाभा. तो सावलीत वाळवतात, कारण उन्हात घाईने वाळला तर भेगा पडतात. कोंडा आणि शेण काही नुसते माती चिकट करायला घातलेले नसतात. भट्टीत ते जळून जातात आणि मातीत असंख्य बारीक छिद्रं सोडतात. पुढे धातू आत शिरताना कोंडलेली हवा याच छिद्रांतून बाहेर पडते. हवेला वाट नसली तर ती पितळेत बुडबुडे करून बसते, आणि घोड्याच्या पोटाला भोक पडतं.

मग मेण. मधमाश्यांचं मेण, राळ आणि थोडं तेल एकत्र तापवून गाळून घेतात. हे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलावं लागतं. मधमाश्यांचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळत असलं तरी त्याच्या कितीतरी आधीच ते लिबलिबीत होतं. आदिलाबादचा उन्हाळा आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा सख्खा भाऊ. म्हणून वैशाखात राळ वाढवून मेण कडक करायचं, थंडीत तेल वाढवून मऊ करायचं. हे मेण सोऱ्यासारख्या दाबणीतून रेटलं की खालच्या भोकांमधून शेवयांसारखे दोरे पडतात. ते दोरे गाभ्याभोवती एकाशेजारी एक गुंडाळत जायचं. लगाम, आयाळ, स्वाराच्या गळ्यातली माळ, हातातलं शस्त्र, सगळं मेणाचं. दोऱ्याची जाडी हीच पुढे पितळेच्या पत्र्याची जाडी होणार असते. त्यामुळे सगळीकडे सारखा दोरा गुंडाळला की धातूही सगळीकडे सारखा जाड होतो आणि एकसारखा थंड होतो. रेषांची ती सुंदर नक्षी मुळात या हिशेबातून आली आहे. नक्षी आणि हिशेब इतके एकजीव झालेले मला दुसऱ्या फार थोड्या कलांत दिसतात.

मेणावर पहिला थर अगदी वस्त्रगाळ मातीचा. तो मेणाच्या प्रत्येक रेषेत शिरायला हवा, कारण छाप तोच घेणार. त्यावर जाड मातीचे थर. एका टोकाला मेणाची एक कांडी बाहेर काढून ठेवतात. मेण बाहेर जायची आणि पितळ आत यायची वाट ती हीच. वाळलेला साचा तापवला की मेण वितळून निघून जातं.

आता मूस. मुशीत मोड घालतात, म्हणजे फुटके तांबे, पोचे पडलेल्या परातींचे तुकडे, तुटक्या समया, जुनी कांस्याची भांडी. आपण एखादी गोष्ट मोडीत काढली म्हणतो ती हीच मोड. तांबं वितळायला 1085 अंश लागतात, पण जस्त मिसळून पितळ झालं की 900 ते 940 अंशांच्या आसपास भागतं. त्यात एक अडचण आहे. जस्त 907 अंशांना उकळायला लागतं. त्यामुळे पितळ ओतण्याइतकं पातळ होईपर्यंत त्यातलं जस्त वाफ होऊन उडू लागलेलं असतं. मुशीच्या तोंडावर हिरवट-पांढरी ज्वाळा उठते आणि जस्ताचा पांढरा धूर दिसू लागतो. जुना ओतारी ज्वाळेचा रंग बघून धातू झाला की नाही ते सांगतो, तेव्हा तो खरं तर जस्ताची वाफ वाचत असतो. लवकर ओतलं तर पितळ घट्ट राहून बारीक पायांपर्यंत पोचत नाही. उशीर केला तर जस्त उडून मिश्रणच बदलतं. हा धूर छातीला वाईट, आणि भाता मारणारा माणूस त्याच्या सगळ्यात जवळ बसलेला असतो. शोकेसमधला घोडा बघताना ही गोष्ट कुणाच्या मनात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

साचाही त्या क्षणी तापलेलाच असावा लागतो. थंड साच्यात पितळ वाटेतच गोठतं. साच्यात ओल राहिली असेल तर तिची एकदम वाफ होऊन वितळलेला धातू बाहेर उसळतो. ओतणं काही क्षणांत संपतं. त्या क्षणांसाठी मागचे कित्येक दिवस गेलेले असतात. पितळ मेणाच्या आठ-नऊ पट जड असतं. त्यामुळे मूर्तीला किती मेण लागलं हे वजन करून ठेवलं तर किती मोड लागेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. साचा निवला की फोडायचा. जळकी माती गळून पडते आणि आतून काळपट, खडबडीत घोडा निघतो. मग कानस, आणि घासणं.

याच पद्धतीने ओतलेलं घुंगरू हातात घेऊन बघावं. आत खुळखुळणारी गोटी त्याच्या फटीतून बाहेर येत नाही, मग ती आत गेली कशी? ती आधीपासूनच मातीच्या गाभ्यात ठेवलेली असते. ओतकाम झालं की फटीतून माती कोरून काढतात आणि गोटी मागे मोकळी राहते. लहानपणी बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांविषयी पडलेलं कोडं मला फार उशिरा उलगडलं, आणि उलगडलं तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

साचा फोडावा लागतो, म्हणून अशी प्रत्येक वस्तू एकुलती एक असते. हे नीट लक्षात यायला चीनकडे बघावं. धातूच्या मूर्तीतून पुराणकथा सांगण्याची परंपरा तिथेही फार जुनी, पण रीत वेगळी. शांग राजवटीतल्या ओतकारांनी मेण घेतलंच नाही. ते आधी मातीचा नमुना करत, त्यावर माती थापून तिचे तुकडे कापून काढत, आणि तेच तुकडे पुन्हा जुळवून मधल्या पोकळीत कांस्य ओतत. आन्यांग इथे 1939 मध्ये सापडलेलं होऊमूवू हे चौकोनी पात्र याच रीतीचं. त्याचं वजन 832 किलोंहून अधिक आहे. सिचुआन प्रांतात सानशिंगदुई इथे 1986 मध्ये खड्ड्यांतून निघालेलं कांस्याचं झाड तर 3.96 मीटर उंच आहे. तीन हजार वर्षांपूर्वीचं हे झाड तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडलेलं, आणि त्याच्या फांद्यांवर नऊ पक्षी आहेत. चिनी पुराणात फूसांग नावाचं झाड आहे. दहा सूर्य त्या झाडावर मुक्कामाला असतात, आणि एका वेळी एकच आकाशात जातो. मागे राहिले नऊ. अभ्यासक या झाडाचा त्या कथेशी संबंध जोडतात, आणि मला तो पटतो.

आजच्या चिनी कांस्यशिल्पांत बहुधा सगळ्यात गाजलेली म्हणजे आय वेवे यांनी 2010 मध्ये केलेली बारा मुंडकी. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन अशी चिनी राशिचक्रातल्या बारा प्राण्यांची. बीजिंगच्या युआनमिंगयुआन बागेतल्या कारंज्यावर अठराव्या शतकात अशीच मुंडकी होती. 1860 मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी ती बाग लुटली आणि जाळली, आणि मुंडकी पांगली. आय वेवे यांनी ती नव्याने, मोठ्या आकारात केली आणि एकाहून अधिक संच ओतून घेतले. ते संच देशोदेशी मांडले गेले. आजच्या ओतशाळांत मूळ नमुन्यावरून रबराचा साचा घेतात. त्यातून हवी तितकी मेणाची रूपं काढता येतात, म्हणून शिल्पाची प्रत निघते. उशेगावच्या कामात रबर नाही, आणि नमुनाही नाही. बोटांनी थेट मेण गुंडाळायचं, आणि ते एकदाच. दुसरा घोडा हवा असेल तर पुन्हा माती मळण्यापासून सुरुवात.

मेण घालवून ओतण्याची ही रीत आपल्या भूमीत किती जुनी आहे हे सांगायला मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी पुरेशी आहे. ती 1926 मध्ये सापडली. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये चार कांस्यवस्तू निघाल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून 60 किलोंहून अधिक वजनाच्या. त्या भरीव आहेत, आत गाभा नाही. त्यांच्यामागे काय कथा होती, रथात उभा असलेला तो माणूस कोण, हे सांगणारं आज कुणी उरलेलं नाही.

आदिलाबादला सांगणारे आहेत. माझ्या मते या पितळेचं खरं मोल तिथे आहे. ओतारी ज्या गोंडांसाठी घंटा-घोडे ओततो त्यांच्या कुळकथा सांगण्याचं काम परधान समाजाचं. कीकरी हे गजाने वाजवायचं तारवाद्य मांडीवर घेऊन परधान रात्र-रात्र गातो. महादेवाने गुहेत कोंडलेले गोंड देव, त्यांच्यावर माया करणारी जंगुबाई, त्यांची सुटका करणारा पहांदी कुपार लिंगाल, आणि पुढे त्या देवांवरून पडलेले चार, पाच, सहा आणि सात देवांचे गट, हे सगळं त्या गाण्यात असतं. विदर्भात आपण चार देवे, सात देवे असं सहज म्हणतो ते हेच. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला लोक लोटतात ते याच सुटकेची आठवण धरून. आणि मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे आदिलाबादच्या परधानांची घरातली बोली मराठी. चुलीपाशी मराठी, आणि देवाची कथा गायची ती गोंडीत. म्हणजे या पितळेमागच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या त्या मराठी बोलणाऱ्या माणसांनी.

ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी या कथा आणि विधी बारकाईने नोंदवले. गोंडांचे पुढारी कोमरम भीम यांच्या 1940 मधल्या लढ्यानंतर निजाम सरकारला गोंडांचे प्रश्न समजून घेण्याची निकड वाटू लागली होती. हायमेनडॉर्फ जैनूरजवळच्या मारलवाईत जाऊन राहिले. 1948 मध्ये त्यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ आला. त्यांच्याच पुढाकाराने 1943 मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं केंद्र सुरू झालं, आणि गोंडीतली वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली. त्यांच्या पत्नी बेटी 1987 मध्ये वारल्या. त्यांची समाधी मारलवाईतच आहे.

गोंडांच्या कुळाचा मोठा देव म्हणजे पेर्सा पेन. त्याला चेहरा नाही. त्याची मुख्य खूण म्हणजे लोखंडी भाल्याचं पातं आणि चवरी. चवरी याकच्या शेपटीच्या केसांची, म्हणजे हिमालयाच्या उंच, थंड प्रदेशातून हातोहात खाली आलेली. एका बाजूला डोंगरातलं लोखंड, दुसऱ्या बाजूला हिमालयातले केस, आणि या दोहोंत देव. पूजेव्यतिरिक्त ही चिन्हं लोकांच्या नजरेआड ठेवलेली असतात. चेहरा नसलेल्या देवाच्या भोवती मग ओताऱ्याचं काम येतं. दिवे, घंटा, घुंगरं, घोडे, हत्ती, मोर, नाचणाऱ्या माणसांच्या जोड्या, आणि ज्यांना रूप आहे त्या देवदेवता. दिवाळीच्या दिवसांत दंडारीच्या उत्सवात गुसाडी नर्तक नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगाला राख, कमरेला घुंगरं. मारलवाईच्याच कनक राजू यांना या नृत्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. पौष अमावास्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातली माणसं (आपल्याकडचे मेश्राम) पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि त्या पाण्याने पूजा होते. अशा वेळी गावकऱ्याला घंटा हवी असते, दिवा हवा असतो. तो ओताऱ्याकडे येतो आणि काय हवं ते सांगतो. कोणता देव, कोणतं कूळ, हे दोघांनाही ठाऊक असतं. सांगावं लागतं ते फक्त माप.

भौगोलिक मानांकनाचं मला मनापासून समाधान आहे. नक्कल करून कुणी त्याच नावाने माल विकू लागलं तर उशेगावच्या माणसाला आता कायद्याचा आधार आहे. पण मानांकन वस्तूला मिळतं. माप सांगायला येणाऱ्या त्या गावकऱ्याला मिळत नाही, कीकरी वाजवणाऱ्या परधानालाही नाही. हैदराबादच्या दुकानात घोडा विकला जातो तेव्हा ओताऱ्याला पैसे मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत. मोड, मेण, कोळसा, सगळंच महागलं आहे. पण दुकानदार सांगतो तेव्हा मापाबरोबर वजनही सांगतो, आणि वजन कमी करा म्हणतो. मग दोरा बारीक होतो. स्वाराच्या हातातलं शस्त्र गळतं, गळ्यातली माळ जाते. घोडा राहतो, पण तो कुणाचा घोडा हे त्याच्या अंगावरून कळेनासं होतं. ही हानी मला मोठी वाटते, कारण ती दिसत नाही.

या कामाची दुकानापलीकडची एक वाटही दिसून गेली आहे. मीरा मुखर्जी (1923 ते 1998) या बंगाली शिल्पकार म्युनिकला शिकून आल्या आणि मग बस्तरच्या ओताऱ्यांकडे जाऊन बसल्या. देशभरच्या धातुकारागिरांच्या पद्धती त्यांनी नोंदवल्या. ‘मेटल क्राफ्ट्समेन ऑफ इंडिया’ हे त्यांचं पुस्तक 1978 मधलं. त्यांची स्वतःची कांस्यशिल्पं आधुनिक आहेत, पण त्यांच्या अंगावर मेणाच्या दोऱ्या आणि बोटांचे ठसे तसेच राहिलेत. त्यांनी ते कानशीने घासून काढले नाहीत. ओताऱ्याचा हात ही त्यांच्या शिल्पातली भाषा झाली. आदिलाबादच्या ओताऱ्यांच्या पोरांपैकी कुणी उद्या पुतळे करू लागला, तर त्याच्याजवळ हा हात जन्मापासून आहे, आणि शेजारच्या वस्तीत जंगुबाईची कथा गाणारा परधानही आहे. चिनी शिल्पकाराला आपली लुटलेली मुंडकी नव्याने ओतावी लागली. इथे अजून काही लुटलं गेलेलं नाही.

उशेगावच्या साच्याची फोडलेली माती जळून विटेच्या रंगाची होते. ती कुटून, चाळून नव्या साच्याच्या बाहेरच्या जाड थरात मिसळता येते. एकदा भाजलेली असल्याने ती दुसऱ्यांदा तडकत नाही, आणि भट्टीत नव्या मातीला धरून ठेवते.